स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आधी फाइल कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ऑफिसात बारा जण. नऊ जणांकडे विंडोज, डिझाइनच्या दोघींकडे मॅक, एका डेव्हलपरकडे उबुंटू. ग्राहकांना ‘इथे क्लिक करा’ म्हणून रोज पडद्याची चित्रं पाठवायची असतात, टेस्टिंगवाल्यांना बग दाखवायचे असतात. सध्या ज्याला जे सापडलं ते तो वापरतो. तुम्हाला सगळ्यांसाठी एकच फुकट सॉफ्टवेअर हवंय, ज्यात बाण-चौकोन काढता येतील आणि शॉट घेतल्याबरोबर लिंक हातात पडेल.

यातली लिंकची अट सर्वात आकर्षक वाटते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पडदा पकडणं हे काम आता कुठलंही सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतं. फरक पडतो तो पकडलेलं चित्र पुढे कुठे जातं यात. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सतरा वर्षं सपोर्टला आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था. निम्मा दिवस फोनवर जातो, निम्मा मॅन्युअल लिहिण्यात. सुरुवातीच्या काळातला ठरलेला संवाद असा:

“साहेब, एरर आलाय.”

“काय लिहिलंय त्यात?”

“इंग्रजीत काहीतरी आहे. मी ओके करून टाकलं.”

मग व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि एररऐवजी मॉनिटरचे मोबाइलने काढलेले फोटो येऊ लागले. तिरपा पडदा, त्यावर इंद्रधनुषी लाटा, मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि त्या प्रतिबिंबाखाली नेमका एररचा क्रमांक. त्या दिवसांत ‘प्रिंट स्क्रीन दाबा, मग वर्डमध्ये कंट्रोल-व्ही करा’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन याची गणती नाही. त्यामुळे जेव्हा आपोआप अपलोड करून लिंक देणारी सॉफ्टवेअरं आली, तेव्हा मीच सगळ्यांच्या मशिनवर ती हौसेने टाकली. दोन महिन्यांनी आमच्या अकाउंट्सच्या एका मॅडमनी पगारपत्रकाचा शॉट घेतला. त्यांना तो फक्त एका मेलमध्ये चिकटवायचा होता. चित्र मात्र शॉट घेताक्षणीच एका परक्या सर्व्हरवर जाऊन बसलं होतं, आणि लिंक होती सहा-सात अक्षरांची. शेवटचं अक्षर बदलून पाहिलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र उघडलं. म्हणजे आमचंही कुणाला तरी तसंच उघडत असणार. पुसायला खातं लागत होतं, आणि खातं कुणी काढलेलंच नव्हतं. ते चित्र काढून टाकायला मेलामेलीत नऊ दिवस गेले.

तेव्हापासून सॉफ्टवेअर बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: मी काहीही वेगळं केलं नाही, नुसता शॉट घेतला, तर चित्र कुठे जातं? उत्तर ‘क्लिपबोर्डवर’ किंवा ‘माझ्या फोल्डरमध्ये’ असेल तर पुढे बोलायचं. ‘आमच्या क्लाउडवर’ असेल तर ती सवय बंद करता येते का, लिंक किती लांब असते, तिला पासवर्ड किंवा मुदत लावता येते का आणि पुसलं तर खरंच पुसलं जातं का, हे सगळं तपासायचं.

यात आणखी एक गोम आहे, ती म्हणजे परक्या लिंकांचं आयुष्य. फायरफॉक्सने २०१७ मध्ये ब्राउझरमध्येच स्क्रीनशॉटची सोय दिली, सोबत चित्र त्यांच्या सर्व्हरवर ठेवून लिंक द्यायची सोयही होती. २०१९ मध्ये ती सर्व्हरची बाजू बंद झाली. शॉट घेण्याची सोय आजही आहे, जुन्या लिंका मात्र गेल्या. चित्रं ठेवून लिंक देणाऱ्या इमगुर या साइटने मे २०२३ मध्ये नियम बदलले आणि कुठल्याही खात्याला न जोडलेली, वापरात नसलेली जुनी चित्रं काढून टाकायला घेतली. तुमच्या बग ट्रॅकरमध्ये किंवा ग्राहकाच्या मॅन्युअलमध्ये अशा लिंका असतील तर तीन वर्षांनी तिथे चित्राऐवजी रिकामी चौकट दिसणार. चित्र जिथे वापरायचं तिथेच ते जोडायचं, बगचं चित्र बगच्या नोंदीत, मेलचं मेलमध्ये. लिंक हवीच असेल तर जे ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह ऑफिस आधीच पैसे देऊन वापरतंय त्यातल्या फोल्डरची, आणि तीही ‘फक्त संस्थेतल्या लोकांना’ अशी ठेवून. बाहेरच्या ग्राहकाला द्यायची तेव्हा तेवढीच एक फाइल उघडी करायची.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. आधी मशिनसोबत फुकट आलेलं पूर्ण वापरून बघा, कारण निम्म्या लोकांचं काम तिथेच भागतं. विंडोजवर विंडोज-शिफ्ट-एस दाबलं की पडदा मंद होतो, हवा तो भाग ओढून निवडायचा, चित्र क्लिपबोर्डवर येतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी हेच होतं. ऑल्ट-प्रिंट स्क्रीन फक्त समोरची खिडकी उचलतं, हे बऱ्याच जणांना वीस वर्षं कॉम्प्युटर वापरूनही माहीत नसतं. विंडोज-प्रिंट स्क्रीन थेट ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये फाइल ठेवतं. आणि विंडोज-व्ही एकदा चालू करून ठेवा, म्हणजे एकामागोमाग घेतलेले चार शॉट क्लिपबोर्डवर रांगेत मिळतात. स्निपिंग टूल आता चित्रातला मजकूर उचलून देतं आणि फोन नंबर, ईमेल झाकून देण्याचीही सोय त्यात आहे. उघडलेला मेनू पकडायचा असेल तर त्यातलं ‘डिले’ वापरा. तीन, पाच किंवा दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात मेनू उघडून ठेवायचा. नाहीतर शॉर्टकट दाबताच मेनू मिटतो आणि माणूस चिडतो.

मॅकवर कमांड-शिफ्ट-५ ही २०१८ च्या मोजावे या मॅकओएस आवृत्तीपासून आलेली पट्टी पुरेशी आहे. कमांड-शिफ्ट-४ दाबून मग स्पेसबार दाबला की एकच खिडकी उचलता येते. सावलीसकट येते, ती नको असेल तर क्लिक करताना ऑप्शन धरून ठेवायचं. सोबत कंट्रोल धरलं तर फाइल न बनता चित्र क्लिपबोर्डवर जातं. तुमच्या दोघी डिझाइनवाल्यांना हे बहुधा माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. त्यांना ब्राउझरबाहेरचं लांब पान सरकवत पकडायचं असेल तर शॉटर बघायला सांगा, आणि पैसे खर्च करायची तयारी असेल तर क्लीनशॉट एक्स. उबुंटूवाल्याकडे २२.०४ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ग्नोम ४२ (उबुंटूचा डेस्कटॉप) बरोबर आलेली स्क्रीनशॉटची खिडकी प्रिंट स्क्रीनवर आपोआप उघडते. बाण आणि क्रमांक हवे असतील तर फ्लेमशॉट उत्तम, फक्त वेलँडवर, म्हणजे उबुंटूत पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, ते कधीकधी आडमुठेपणा करतं. वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी परस्पर वाचू देत नाही, परवानगी घेऊनच पडदा मिळतो. चिडचिड होते, पण सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

विंडोजच्या नऊ जणांपैकी टेस्टिंग आणि सपोर्टवाल्यांना मात्र आतलं साधन अपुरं पडेल. एकाच चित्रात १, २, ३ असे आपोआप वाढत जाणारे गोल क्रमांक टाकणं, ठरलेल्या नावाने ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल जाणं, मागचा चौकोन जसाच्या तसा पुन्हा पकडणं, हे रोज चाळीस शॉट घेणाऱ्याला लागतंच. इथे माझी निवड शेअरएक्स. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, चित्रावर वॉटरमार्क नाही. सेटिंग्ज मात्र इतकी आहेत की पहिल्यांदा उघडणारा माणूस विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखा बघत राहतो. म्हणून प्रत्येकाला ते आपापलं लावायला देऊ नका. एका मशिनवर नीट बसवा, त्याची सेटिंग्ज बॅकअप म्हणून बाहेर काढा आणि बाकीच्यांकडे तीच आत घ्या. बसवताना ‘पकडल्यावर काय करायचं’ ही यादी उघडा. तिथे ‘क्लिपबोर्डवर ठेवा’ आणि ‘फाइल जतन करा’ एवढ्या दोनच गोष्टी चालू असू द्या, अपलोडची खूण काढलेली आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ज्यांना लिंक लागतेच त्यांच्यासाठी तेच सॉफ्टवेअर तुमच्या स्वतःच्या एसएफटीपी (सुरक्षितपणे फाइल पाठवायच्या) सर्व्हरला किंवा ऑफिसच्या ड्राइव्हला जोडता येतं.

ज्यांना कॉकपिट झेपणार नाही त्यांना ग्रीनशॉट द्या. प्रिंट स्क्रीन, चौकोन ओढा, मग छोटा मेनू विचारतो: फाइल, क्लिपबोर्ड, प्रिंटर की संपादक (चित्रावर बाण-चौकोन काढायची खिडकी)? आमच्या अकाउंट्समध्ये तेच आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत त्याबद्दल मला एकही फोन आला नाही. सपोर्टवाल्याच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र निघत नसतं.

पैसे देऊन घ्यायचं तर स्नॅगइट. ते १९९० पासून आहे, आणि मॅन्युअल लिहिणं हेच ज्याचं काम आहे अशा एका माणसासाठी ते घेण्यासारखं आहे. सगळ्या बारा जणांसाठी मी घेणार नाही. हलत्या पायऱ्या दाखवायला स्क्रीनटूगिफ हे छोटं फुकट साधन हाताशी ठेवा. दहा सेकंदांच्या जिफने पाच शॉटांचं काम होतं. पूर्वी मी ग्राहकाला रनमध्ये ‘पीएसआर’ टाकायला सांगायचो, म्हणजे विंडोज ७ पासून असलेला स्टेप्स रेकॉर्डर, जो दर क्लिकला एक चित्र घ्यायचा. सुंदर चीज होती. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये तिला निवृत्तीच्या यादीत टाकलं, त्यामुळे आता नव्याने तिच्यावर विसंबू नका.

आता झाकाझाकीबद्दल. हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात बसवून दाखवतो. खातेदाराचं नाव, आधार क्रमांक, शिल्लक हे चित्रात असतंच. लोक त्यावर धूसर पट्टा मारतात किंवा ठोकळे-ठोकळे करतात, कारण ते दिसायला व्यवस्थित वाटतं. पण ठोकळे केलेला मजकूर परत काढता येऊ शकतो. २०२० मध्ये डीपिक्स नावाचं मुक्तस्रोत साधन आलं, ते हेच करतं. फॉन्ट ओळखीचा असेल तर एकेक अक्षर तसंच ठोकळ्यांत टाकून बघायचं आणि जुळवत जायचं, इतका साधा तर्क आहे. आकड्यांच्या बाबतीत तर जुळवायला दहाच आकृत्या. पारदर्शक काळ्या हायलायटरने झाकलेलं चित्र नुसतं उजळवलं तरी वाचता येतं. म्हणून भरीव, एकरंगी चौकोन. त्यातही खबरदारी अशी की ग्राहकाला जाणारी फाइल सपाट पीएनजी असावी. संपादकाची स्वतःची फाइल थर (खालचं चित्र वेगळं, वरचा चौकोन वेगळा) शाबूत ठेवते, ती पाठवलीत तर समोरचा चौकोन उचलून बाजूला ठेवेल. मी तर मॅन्युअलसाठी खरी माहिती पडद्यावर येऊच देत नाही. चाचणीच्या डेटाबेसमध्ये आमची ‘श्री गणेश नमुना पतसंस्था’ आहे, तिच्यात सगळे खातेदार बनावट. आधार दाखवायचंच झालं तर फक्त शेवटचे चार आकडे, जसे मास्क्ड आधारवर असतात तसे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून आमचे ग्राहकच हे विचारू लागलेत, ते एक बरं झालं.

‘मी तो भाग कापूनच टाकतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. मार्च २०२३ मध्ये सायमन एरन्स आणि डेव्हिड बुकॅनन या सुरक्षा संशोधकांनी गूगलच्या पिक्सेल फोनच्या मार्कअप या चित्र-संपादन साधनातला एक दोष उघड केला. चित्र कापून जतन केलं की नवी, लहान फाइल जुन्या फाइलवर लिहिली जायची, पण जुनीची उरलेली शेपटी छाटली जात नसे. पडद्यावर कापलेलं चित्र दिसायचं, फाइलमध्ये मात्र मूळ चित्राचा बराचसा भाग तसाच पडून असायचा आणि तो बाहेर काढता यायचा. काही दिवसांतच विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या स्निप अँड स्केचमध्येही तोच प्रकार सापडला. दुरुस्ती लगेच आली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली पाठवलेल्याच राहिल्या. यातून मी दोन सवयी लावून घेतल्या. कापलेलं चित्र कधीच त्याच नावावर जतन करत नाही, नवं नाव देतो. आणि शक्य तिथे आधी मोठा शॉट घेऊन नंतर कापण्यापेक्षा पकडतानाच तेवढाच चौकोन ओढतो.

दर्जाबद्दल फार लिहीत नाही. पडद्याचं चित्र पीएनजीमध्येच ठेवा. जेपीजी फोटोसाठी बरं, पण पांढऱ्यावरच्या लाल अक्षरांभोवती ते घाण करतं, आणि एररची अक्षरं नेमकी लाल असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक करतं. मॅन्युअलसाठी सगळ्यांनी डिस्प्लेचं स्केलिंग एकच ठेवावं. एकाचं १००, दुसऱ्याचं १५० टक्के असेल तर एकाच पानावर एक बटण मुंगीएवढं आणि दुसरं हत्तीएवढं दिसतं. मॅकचं वेगळंच. १४४० बाय ९०० वाटणाऱ्या रेटिना पडद्याचा शॉट २८८० बाय १८०० चा येतो, तो दस्तऐवजात घालताना निम्मा करावा लागतो.

लांब वेबपानासाठी सरकवत पकडणारं साधन शोधू नका. ते वरची चिकटलेली पट्टी दर वेळी पुन्हा छापतं. फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’, मग पूर्ण पान. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-पी, ‘स्क्रीनशॉट’ टाइप करा, ‘फुल साइझ’ निवडा. आधी पान एकदा तळापर्यंत सरकवून या, म्हणजे उशिरा उघडणारी चित्रं कोरी येत नाहीत.

एक चाचणी मात्र कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात सापडणार नाही, आणि तुम्ही मराठी ग्राहकांना चित्रं पाठवता म्हणून ती कराच. संपादकाच्या मजकुराच्या चौकटीत ‘किंमत’, ‘क्षेत्र’, ‘कार्यालय’, ‘पुऱ्या’ हे चार शब्द टाइप करा. एका संपादकात आमच्या ‘किंमत’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि रफार तर अक्षरशः हवेत तरंगायचा. निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट निवडूनही सुधारलं नाही. असं दिसलं तर बाण आणि क्रमांक चित्रात, मराठी मजकूर चित्राखाली मेलमध्ये, असा मार्ग काढता येतो. दुसरं म्हणजे फाइलचं नाव. अपलोड करायच्या फाइलीला देवनागरी नाव दिलंत की लिंकमध्ये प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘पावती’ एवढ्या छोट्या नावाची पंचेचाळीस. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक बघून ग्राहकाला वाटतं, कुणीतरी फसवायला पाठवलीय. फाइलींना तारीख-वेळेचं आकडी नाव द्या, शेअरएक्समध्ये त्याचा साचा एकदाच ठरवता येतो.

नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडेल, की प्रिंट स्क्रीन दाबलं तर काहीच होत नाही किंवा भलतंच काहीतरी उघडतं. एकाच कळीवर दोघे-तिघे हक्क सांगत असतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा. तिथे प्रिंट स्क्रीनने स्निपिंग टूल उघडायचं की नाही याचा खटका आहे, तो बंद करा. मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘घेतलेले स्क्रीनशॉट आपोआप वनड्राइव्हवर जतन करा’ अशा अर्थाची एक चौकट आहे, तिची खूण काढा. ड्रॉपबॉक्स असेल तर त्यातही तसंच बघा. ही दुसरी खूण काढायची राहिली तर वर अपलोड बंद करून काही उपयोग नाही. चित्र बाजूच्या दाराने बाहेर जातच राहतं. आणि लॅपटॉपवर तरीही काही घडलं नाही तर सोबत एफएन दाबून बघायला सांगा. माझ्या अनुभवात दहातले चार फोन तिथेच मिटतात.